दोन याद्यांची जोडणी : समान क्रमांकावरून ओळी कशा जुळवाव्यात

पाऊस प्रमाणाबाहेर झाला, ओढ्याचे पाणी शेतात शिरले आणि उभे पीक हातचे गेले, म्हणजे नुकसान शिवारात होते. मदत मात्र यादीवरून मिळते. शेत कितीही बुडालेले असो, यादीत त्या शेताची ओळ नसेल तर खातेदाराच्या पदरात काही पडत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा गावोगाव पंचनामे करावे लागले. अशा वेळी बांधावरील पाहणी जितकी काळजीपूर्वक करावी लागते, तितक्याच काळजीने पुढे याद्या जुळवाव्या लागतात. हे दुसरे काम संगणकाच्या साहाय्याने बिनचूक कसे करावे व त्यात कोणत्या चुका संभवतात, याची माहिती या पाठात दिली आहे.

एक गाव, तीन याद्या

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे वडीगोद्रीजवळचे गाव उदाहरणास घेऊ. कापूस, तूर, सोयाबीन, ऊस व मोसंबी ही या परिसरातील परिचित पिके होत. पीक-नुकसानीचा पंचनामा तिघे मिळून करतात : ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक). त्यांच्यापुढे निरनिराळ्या याद्या असतात. पहिली खातेदारांची यादी. ती सात-बारा व आठ-अ यांवरून तयार होते. दुसरी पीकपाहणीची, १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करण्याची सोय झाली असून तिला ई-पीक पाहणी म्हणतात. तिसरी यादी प्रत्यक्ष पंचनाम्याची. कोणाच्या खात्यावर, कोणत्या पिकाचे, किती क्षेत्र बाधित झाले, हे या तिन्ही याद्या एकत्र आणल्यावाचून सांगता येत नाही.

याद्या एकत्र आणण्याची जुनी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने आपल्या कागदावर खूण करावी. शंभर-दोनशे ओळींना ही रीत पुरते. तालुक्याच्या हजारो ओळी असतील तर मात्र वाचणारा थकतो, ऐकणाऱ्याचे लक्ष उडते, आणि एखादी ओळ राहून जाते.

हेच काम करणारी ‘जॉइन’ नावाची एक लहानशी आज्ञा संगणकात असते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडविल्या गेलेल्या युनिक्स या प्रणालीच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत ती होती. आज लिनक्स व मॅक या प्रणालींत ती मोफत उपलब्ध आहे, आणि विंडोजच्या संगणकावर लिनक्सची सोय बसवून ती वापरता येते. दोन फाईलींत जो रकाना समान असेल, त्याच्या आधारे ही आज्ञा एका फाईलीतील ओळीस दुसऱ्या फाईलीतील ओळ जोडते.

एक्सेलमध्ये हे काम होत नाही काय, असे कोणी विचारील. होते, परंतु तेथे दोन अडचणी आहेत. एका पानावर १०,४८,५७६ ओळींपलीकडे माहिती मावत नाही, ही पहिली. दुसरी अधिक घातक आहे : गटाचा पोटहिस्सा ‘५/१’ असा लिहिला की एक्सेल पुष्कळदा तो दिनांक समजून बदलून टाकते. एकदा बदललेला क्रमांक पुढे कशाशीही जुळत नाही. साध्या मजकुराच्या फाईलीत असा बदल होत नाही.

आज्ञा कशा लिहाव्यात

आज्ञा काळ्या पडद्यावर, ज्यास टर्मिनल म्हणतात तेथे, एकेका ओळीत टंकावयाच्या असतात. या पाठात त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; टंकताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत व इंग्रजी अंकांत लिहाव्यात. ‘सॉर्ट’ म्हणजे एस-ओ-आर-टी आणि ‘जॉइन’ म्हणजे जे-ओ-आय-एन. मागे उणे चिन्ह असलेले एकेरी अक्षर, उदाहरणार्थ ‘-टी’ किंवा ‘-व्ही’, ही आज्ञेस दिलेली सूचना समजावी. ‘>’ या खुणेने उत्तर नव्या फाईलीत साठविले जाते. फाईलींची नावे आपल्या सोयीने ठेवावीत.

पुढील दोन लहान याद्या पाहा. त्यांतील क्रमांक व क्षेत्रे केवळ उदाहरणादाखल घेतली आहेत. पहिल्या यादीत गट, खाते व क्षेत्र (हेक्टर) आहे. दुसरीत गट व पीक आहे. रकान्यांमध्ये स्वल्पविराम आहे.

खातेदार :
८,४१,१.२०
२१,१७,०.८०
११२,५,०.६०
११२,६३,०.९०
१३०,९,०.४०

पीक :
८,कापूस
२१,सोयाबीन
११२,कापूस
११२,तूर
१४१,ऊस

पहिली पायरी : क्रम लावणे

जॉइनचे काम कसे चालते ते समजले म्हणजे क्रमाचे महत्त्व लक्षात येते. दोन माणसे समोरासमोर बसली आहेत व प्रत्येकाच्या हाती कागदांचा एक गठ्ठा आहे, अशी कल्पना करावी. दोघे आपापला वरचा कागद पाहतात. क्रमांक सारखे असले तर कागद जोडून बाजूस ठेवतात. सारखे नसले तर ज्याचा क्रमांक आधीचा असेल तो आपला कागद खाली ठेवून पुढचा घेतो. खाली ठेवलेला कागद पुन्हा उचलावयाचा नाही. दोन्ही गठ्ठे एकाच क्रमाने लावलेले असतील तरच ही रीत बिनचूक चालते. क्रम चुकला असेल तर खाली ठेवलेल्या कागदाचा जोडीदार मागाहून येतो आणि त्याची भेट होत नाही.

म्हणून प्रथम दोन्ही फाईलींचा क्रम लावावा :

सॉर्ट -टी, -के १,१ खातेदार > खातेदार-क्रम
सॉर्ट -टी, -के १,१ पीक > पीक-क्रम

येथे ‘-टी,’ याचा अर्थ रकाने स्वल्पविरामाने वेगळे केले आहेत, आणि ‘-के १,१’ याचा अर्थ क्रम केवळ पहिल्या रकान्यावरून लावावा.

क्रम लागल्यानंतर फाईल उघडून पाहिली तर नवख्यास नवल वाटेल. तेथे ८ नंतर २१ व मग ११२ असे न येता ११२, १३०, २१, ८ असे क्रमांक आढळतील. ही चूक नव्हे. शब्दकोशात शब्द जसे पहिल्या अक्षरावरून लावतात, तसे येथे क्रमांक पहिल्या अंकावरून लावले जातात. एक हा दोनच्या आधी, म्हणून ११२ हा २१ च्या आधी. जॉइनलाही हाच क्रम समजतो. आकड्यांच्या लहान-मोठेपणाने क्रम लावण्याची निराळी सूचना सॉर्टमध्ये आहे. ती येथे वापरू नये. दोन्ही फाईलींचा क्रम एकाच संगणकावर, एकाच पद्धतीने लावावा. क्रम लागलेला नाही अशी सूचना पडद्यावर आली तर ती दुर्लक्षून पुढे जाऊ नये.

दुसरी पायरी : जोडणी

जॉइन -टी, खातेदार-क्रम पीक-क्रम > जोड

काही सांगितले नाही तर जॉइन दोन्ही फाईलींचा पहिला रकाना समान धरते. उत्तर असे येईल :

११२,५,०.६०,कापूस
११२,५,०.६०,तूर
११२,६३,०.९०,कापूस
११२,६३,०.९०,तूर
२१,१७,०.८०,सोयाबीन
८,४१,१.२०,कापूस

वरवर पाहता काम झाले असे वाटते. परंतु या सहा ओळींत दोन दोष आहेत, आणि दोन्ही पडद्यावर आपण होऊन दिसत नाहीत.

पहिला दोष : वाढलेले क्षेत्र

मूळ यादीतील सर्व क्षेत्राची बेरीज ३.९० हेक्टर आहे. जोडलेल्या यादीची बेरीज करून पाहा, ती ५.०० हेक्टर येते. जमीन वाढली कोठून? गट ११२ मध्ये दोन खातेदार आहेत आणि पिकांच्या दोन नोंदी आहेत. यंत्राने प्रत्येक खातेदारास प्रत्येक पीक जोडले. दोन दुणे चार ओळी झाल्या. यंत्राची यात चूक नाही. गट क्रमांक हा एका माणसाचा नाही, एका जमिनीचा आहे, आणि ती जमीन वाटली गेली आहे. हे आपण यंत्रास सांगितलेच नाही.

यावर उपाय असा की, ज्या रकान्यावरून जोडणी करावयाची तो प्रत्येक खातेदारास वेगळा असावा. गट आणि खाते यांचा मिळून एक क्रमांक करावा : ११२-५, ११२-६३. यासाठी पिकांच्या यादीतही गटानंतर खाते क्रमांक असला पाहिजे. नसेल तर प्रथम तो मिळवावा. समजा, त्यावरून खाते ५ चा कापूस व खाते ६३ ची तूर असे निष्पन्न झाले. मग प्रत्येक ओळीतील पहिल्या स्वल्पविरामाच्या जागी आडवी रेघ घालणारी पुढील आज्ञा दोन्ही याद्यांस द्यावी :

सेड 'एस/,/-/' खातेदार > खातेदार-नवे
सेड 'एस/,/-/' पीक > पीक-नवे

नंतर या नव्या फाईलींचा पुन्हा क्रम लावून जोडणी करावी. आता ११२-५ ला कापूस व ११२-६३ ला तूर एवढ्याच दोन ओळी येतात. एकूण ओळी चार व क्षेत्र ३.५० हेक्टर होते. एकाच खातेदाराने कपाशीत तुरीचे आंतरपीक घेतले असेल तर मात्र त्याच्या दोन ओळी येणे योग्यच आहे. अशा वेळी क्षेत्र खातेदारांच्या यादीतून न घेता पीकनिहाय नोंदीतून घ्यावे.

दुसरा दोष : गळालेली ओळ

जॉइन ही आज्ञा न जुळलेल्या ओळी गुपचूप गाळते. वरील उत्तरात गट १३० कोठेही नाही; गट १४१ सुद्धा नाही. जुळणी झाली नाही, असा एक शब्दही यंत्राने काढला नाही. या पाठातील मुख्य धडा हाच आहे : जोडलेली यादी ही अर्धीच यादी होय. उरलेली अर्धी मुद्दाम मागून घ्यावी लागते :

जॉइन -टी, -व्ही १ खातेदार-क्रम पीक-क्रम > फक्त-खातेदार
जॉइन -टी, -व्ही २ खातेदार-क्रम पीक-क्रम > फक्त-पीक

‘-व्ही १’ ने पहिल्या यादीतील न जुळलेल्या ओळी मिळतात, ‘-व्ही २’ ने दुसऱ्या यादीतील. नवा संयुक्त क्रमांक केला असेल तर येथेही त्याच नव्या, क्रम लावलेल्या फाईली द्याव्यात. फक्त-खातेदार या फाईलीत गट १३०, खाते ९, क्षेत्र ०.४० ही ओळ सापडेल. आता बेरीज जमते : जुळलेले ३.५० व न जुळलेले ०.४० मिळून ३.९०. ही बेरीज जमल्याखेरीज यादीवर सही करू नये.

०.४० हेक्टर म्हणजे सुमारे एक एकर. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्र सरकारने ठरविलेल्या निकषांत कोरडवाहू पिकाचे ३३ टक्के वा अधिक नुकसान झाल्यास हेक्टरी ८,५०० रुपये धरले होते. त्या हिशेबाने या एका ओळीची किंमत ३,४०० रुपये होते. एका एकरावर ज्याचे घर चालते त्याला पुढील पेरणीच्या बियाण्याखतासाठी ही रक्कम लहान नाही. आणि ती हातून जाते ती कोणी नाकारली म्हणून नव्हे, तर ओळ जुळली नाही हे कोणी पाहिले नाही म्हणून.

न जुळलेली ओळ काय सांगते

न जुळलेल्या प्रत्येक ओळीस काही कारण असते. ते कारण यंत्र शोधीत नाही. गावात जाऊन आपणच शोधावे लागते. बहुधा आढळणारी कारणे अशी :

१. जमीन पडीक आहे. अशा वेळी ओळ न जुळणे बरोबरच आहे.

२. पीक उभे होते, परंतु पीकपाहणीची नोंद राहिली. मोबाईल नसणे, शिवारात जाळे न मिळणे, मुदत निघून जाणे, अशी त्याची कारणे असतात.

३. खातेदार मयत आहे, वारसांचा फेरफार झालेला नाही. अथवा वाटणी झाली असून एका यादीत जुना पोटहिस्सा व दुसरीत नवा आहे.

४. क्रमांक एकच, पण लिहिण्याची तऱ्हा निराळी. हे कारण सर्वांत अधिक वेळा आढळते व सर्वांत सहज दूर करता येते.

या चौथ्या कारणाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या डोळ्यांस देवनागरीतील ११२ व इंग्रजी अंकांतील तोच क्रमांक एकच वाटतात. यंत्रास ते दोन निराळे शब्द आहेत. ‘४५/१’, ‘४५-१’ व ‘४५/अ’ हेही त्यास निराळे. क्रमांकाच्या पुढे वा मागे राहिलेली मोकळी जागा आपणास दिसत नाही, यंत्रास दिसते. विंडोजवर तयार झालेल्या फाईलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह असते. त्यामुळेही शेवटचा रकाना जुळत नाही. यास्तव जोडणीपूर्वी सर्व क्रमांक एकाच लिपीत व एकाच पद्धतीने लिहिलेले आहेत, याची खात्री करावी. फाईलीच्या आरंभी रकान्यांच्या नावांची ओळ असेल तर तीही काढून ठेवावी. नाहीतर क्रम लावताना ती मधेच कोठेतरी जाऊन बसते.

नावावरून जोडणी मात्र कदापि करू नये. दत्तात्रय व दत्तात्रेय, विठ्ठल व विठल, एका यादीत वडिलांचे पूर्ण नाव व दुसरीत केवळ आद्याक्षर, असा भेद नेहमीचाच. शिवाय एका गावात एकाच नावाचे दोन खातेदार असले तर एकाची मदत दुसऱ्याच्या नावावर जाते. क्रमांकावरून जोडावे आणि नाव पडताळ्यासाठी वापरावे. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला असेल तर तो अकरा अंकी क्रमांक जोडणीस उत्तम, कारण तो जमिनीचा नसून शेतकऱ्याचा आहे. आधार क्रमांक अथवा बँक खाते अशी खाजगी माहिती मात्र अशा कामाच्या फाईलींत ठेवू नये. तिची येथे गरज नसते.

जुन्या दप्तराची जोडणी

अंतरवाली सराटीचे नाव ऑगस्ट २०२३ मधील मनोज जरांगे पाटील यांच्या उपोषणामुळे राज्यभर झाले. त्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये सेवानिवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि निजामकालीन दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाचा प्रश्न हा या पाठाचा विषय नाही. परंतु त्या शोधाची रीत पाहिली तर तीही याद्यांची जोडणीच आहे, हे ध्यानात येईल. एका बाजूस खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्म-मृत्यूची नोंदवही असे मोडी किंवा उर्दू लिपीतील जुने कागद. दुसऱ्या बाजूस आजचा मनुष्य. दोहोंत समान क्रमांक नाही. तेव्हा मध्ये तिसरी यादी घालावी लागते, ती वंशावळीची.

शेतजमिनीच्या कामातही असाच प्रसंग येतो. जेथे १९४७ च्या कायद्यानुसार जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेथे जुने सर्वे क्रमांक जाऊन नवे गट क्रमांक आले. जुना कागद सर्वे क्रमांक सांगतो, आजचा सात-बारा गट क्रमांक सांगतो. दोहोंना थेट जोडू जाता एकही ओळ जुळत नाही. जुळलीच तर चुकीची जुळते, कारण जुना ११२ व नवा ११२ या दोन निराळ्या जमिनी असू शकतात. भूमि अभिलेख कार्यालयातील एकत्रीकरणाच्या तक्त्यात जुना व नवा असे दोन्ही क्रमांक असतात. प्रथम जुनी यादी या तक्त्याशी सर्वे क्रमांकावरून जोडावी. आलेल्या उत्तराचा गट क्रमांकावरून पुन्हा क्रम लावून मग ते सात-बाराच्या यादीशी जोडावे. प्रत्येक जोडणीनंतर न जुळलेल्या ओळी वेगळ्या काढाव्यात. त्या दोन्ही वेळी पाहिल्या नाहीत तर गळती दुप्पट होते.

शेतकरी बंधू-भगिनींनी काय करावे

आपला गट क्रमांक, पोटहिस्सा, खाते क्रमांक व शेतकरी ओळख क्रमांक एका कागदावर लिहून घरात ठेवावा. पीकपाहणी मुदतीत करावी व नोंद झाल्याची खात्री करून घ्यावी. वडील वारले असल्यास वारसाची नोंद लांबणीवर टाकू नये. मदतीची यादी ग्रामपंचायतीत लागली की स्वतः जाऊन पाहावी. आपले नाव नसेल तर ‘यादीत नाव का नाही’ एवढेच विचारून थांबू नये. ‘न जुळलेल्या ओळींत माझा गट आहे काय’ असे विचारावे आणि क्रमांकासह लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगितलेला क्रमांक पुष्कळदा चुकीचा लिहिला जातो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी सारांश

जोडणीपूर्वी प्रत्येक यादीच्या ओळी व क्षेत्राची बेरीज लिहून ठेवावी. क्रमांक एका पद्धतीचे करावेत. दोन्ही याद्यांचा क्रम सारख्याच रीतीने लावावा. जोडणी करावी आणि लगेच दोन्ही बाजूंच्या न जुळलेल्या ओळी काढाव्यात. ओळी व बेरजा पुन्हा ताडून पाहाव्यात. वरिष्ठांकडे यादी पाठविताना तीन फाईली पाठवाव्यात : जुळलेली, पहिल्या यादीत उरलेली व दुसऱ्या यादीत उरलेली. उरलेल्या प्रत्येक ओळीपुढे, गावात जाऊन कळलेले कारण एका वाक्यात लिहावे.

यंत्राने आठ दिवसांचे काम काही क्षणांत केले, तर वाचलेले ते आठ दिवस याच उरलेल्या ओळींसाठी खर्चावेत. जुळलेल्या शेतकऱ्यांची काळजी यंत्र घेते. जो जुळला नाही त्याच्या बांधावर आपणासच गेले पाहिजे.